मेट्रोपोलिसने एसपी प्लस विकत घेतली ती कशाच्या बळावर? पार्किंग-तंत्रज्ञानातील कंपनीच्या वाढीविषयी प्रश्न

वास्तुपाल (पुणे) – मूळ प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात व्यापारी इमारतींच्या व्यवस्थापनाचे काम पाहतो. आमच्याकडील एका इमारतीच्या तळघरातील वाहनतळ चालवायला घेण्याचा प्रस्ताव एका तरुण कंपनीने नुकताच मांडला असून, त्यांच्या सादरीकरणात लॉस एंजेलिसच्या मेट्रोपोलिस या कंपनीचे उदाहरण वारंवार येत होते. म्हणून त्या कंपनीविषयी मिळेल ते वाचून काढले. पण त्यामुळे शंका फिटल्या कमी आणि वाढल्या जास्त.

हकिगत थोडक्यात अशी आहे. अ‍ॅलेक्स इस्रायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मेट्रोपोलिस स्थापन केली. त्याआधी इस्रायल यांची पार्कमी नावाची कंपनी होती, जी कुठे जागा रिकामी आहे आणि तिथला दर काय आहे याची माहिती पुरवीत असे. ती २०१५ मध्ये वाहतुकीची माहिती पुरवणाऱ्या इनरिक्स या कंपनीने घेतली. मेट्रोपोलिसने मात्र माहिती पुरवण्याऐवजी वाहनतळच चालवायला घेतले. प्रवेशद्वारावरील कॅमेरा गाडीची नंबर प्लेट वाचतो, एकदा नोंदणी केलेल्या माणसाच्या कार्डावरून बाहेर पडताना पैसे आपोआप वळते होतात, आणि तिकीट, यंत्र, प्रवेशद्वारावरील आडवा दांडा यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. २०२२ मध्ये या कंपनीने प्रीमियर पार्किंग विकत घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने एसपी प्लस ही नॅस्डॅकवर नोंदलेली कंपनी प्रतिशेअर ५४ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे १५० कोटी डॉलर देऊन घेण्याचे जाहीर केले आणि मे २०२४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. एसपी प्लसची मुळे १९२९ पर्यंत जातात आणि तिच्याकडे हजारो वाहनतळ व विमानतळांवरील कामे होती. खरेदी करणारी कंपनी त्या वेळी जेमतेम सात वर्षांची होती.

माझे प्रश्न असे: तंत्रज्ञान जर इतके उत्तम होते, तर ते जुन्या कंपन्यांना विकता आले असते, त्या कंपन्या विकत घेण्याची वेळ का आली? या वाढीत तंत्रज्ञानाचा वाटा किती आणि उसन्या पैशाचा किती? आणि हे प्रारूप जसेच्या तसे आपल्याकडे चालेल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

शिकागोकर – प्रतिसाद १

मी येथे एका स्थावर मालमत्ता कंपनीत हिशेबाचे काम करतो आणि वाहनतळ चालवणाऱ्यांशी होणारे करार वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेले आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत इमारतीचा मालक स्वतः वाहनतळ सहसा चालवत नाही. तो दोन प्रकारांपैकी एक करार करतो. भाडेपट्ट्याच्या करारात चालवणारी कंपनी मालकाला ठरावीक रक्कम किंवा उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देते आणि उरलेला नफा-तोटा तिचा असतो. व्यवस्थापनाच्या करारात याच्या उलट असते: उत्पन्न मालकाचे, खर्चही मालकाचा, आणि चालवणाऱ्या कंपनीला केवळ शुल्क व कधीकधी नफ्यावर थोडे प्रोत्साहन मिळते. कर्मचाऱ्यांचे पगार, विमा, साफसफाई हे सगळे ती आधी भरते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. एसपी प्लसचा बहुतांश कारभार या दुसऱ्या प्रकारचा होता. तिच्या वार्षिक अहवालात दिसणाऱ्या प्रचंड उलाढालीचा मोठा भाग म्हणजे मालकांनी भरून दिलेला खर्चच असे. कंपनीची स्वतःची कमाई त्याच्या तुलनेत फारच लहान होती.

आता विचार करा, अशा कंपनीकडे एखादा तरुण उद्योजक गेला आणि म्हणाला की माझी प्रणाली घ्या, तुमचे निम्मे कर्मचारी कमी होतील. ज्या खर्चाची भरपाई मालक करतो, तो खर्च कमी करण्यासाठी ही कंपनी स्वतःच्या खिशातून नव्या यंत्रणेवर पैसे का घालेल? बचत झाली तर ती मालकाची. यंत्रणा बिघडली तर बोल मात्र चालवणाऱ्याला. आणि मालकाकडे थेट जावे, तर प्रत्येक इमारतीचा मालक वेगळा, त्याचा वकील वेगळा, कराराची मुदत वेगळी. पार्किंगमधील सॉफ्टवेअर विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांची दमछाक नेमकी येथेच होते, आणि यात सॉफ्टवेअर चांगले की वाईट हा मुद्दा फारसा येतच नाही.

मेट्रोपोलिसने हे ओळखले, असे मला वाटते. प्रणाली विकत बसण्यापेक्षा ज्या कंपनीच्या हातात करार आहेत तीच घ्यायची, म्हणजे हजारो दरवाजे एकदम उघडतात. एसपी प्लसचा समभाग घोषणेच्या आदल्या दिवशी ज्या भावाने बंद झाला होता, त्याच्या जवळजवळ दीडपट किंमत मेट्रोपोलिसने दिली. ही जास्तीची किंमत त्या करारांची होती. एसपी प्लस स्वतःदेखील अशाच जोडण्यांतून मोठी झाली होती. २०१२ मध्ये स्टँडर्ड पार्किंग आणि सेंट्रल पार्किंग एकत्र आल्या आणि पुढे त्यांचे हे नाव झाले.

पार्किंगमध्ये कराराची ताकद किती असते हे आम्ही शिकागोकरांनी चांगलेच अनुभवले आहे. २००८ मध्ये शहराने रस्त्यांवरील सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी मॉर्गन स्टॅन्लीच्या पुढाकारातील गुंतवणूकदारांना ११५ कोटी डॉलरच्या आसपास रकमेला देऊन टाकले. त्यानंतर एखाद्या कामासाठी किंवा उत्सवासाठी रस्ता बंद केला, तरी बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहराने करावी अशी तरतूद त्या करारात आहे. गुंतवलेले पैसे त्या मंडळींना कधीच परत मिळाले आहेत आणि मुदतीची अनेक दशके अजून बाकी आहेत. त्या सगळ्यात तंत्रज्ञान जवळपास नव्हतेच.

हिशेबतपासनीस (मुंबई) – प्रतिसाद २

शिकागोकरांचे विवेचन पटले, परंतु त्यातून मेट्रोपोलिसच्या चतुराईविषयी जो आदर निर्माण होतो तो थोडा आवरता घ्यावा असे सुचवतो.

एसपी प्लस घेण्यासाठी मेट्रोपोलिसने एकूण १७० कोटी डॉलर उभे केले: १०५ कोटी प्राधान्य समभागांतून, ज्यात एल्ड्रिज आणि थ्री-एल कॅपिटल या गुंतवणूक कंपन्यांचा पुढाकार होता, आणि ६५ कोटी कर्जातून. प्राधान्य समभाग म्हणजे कंपनी विकली किंवा बुडाली तर ज्यांचे पैसे संस्थापक व कर्मचारी यांच्या आधी परत जातात असे भांडवल. कर्जावर तर व्याज दर महिन्याला चालूच असते. अशा वाढीला स्टार्टअपची वाढ म्हणावे की जुन्या पद्धतीची कर्ज काढून केलेली कंपनी-खरेदी म्हणावे, हा प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही, कारण दोन्हींत यशाची कसोटी वेगळी असते. स्टार्टअपला ग्राहक वाढवून दाखवावे लागतात. खरेदी करणाऱ्याला खरेदी केलेल्या धंद्यातून जास्त पैसा काढून दाखवावा लागतो.

जास्त पैसा काढण्याचे मार्ग तीनच दिसतात. एक, कर्मचारी कमी करणे. दोन, गळती थांबवणे, म्हणजे रोखीत गायब होणारे आणि पैसे न देता निघून जाणाऱ्या गाड्यांचे उत्पन्न पकडणे. तीन, दर मागणीनुसार बदलणे. पहिल्या मार्गाला मर्यादा आहे, कारण एसपी प्लसचे बरेचसे काम विमानतळांवरचे होते, आणि सामान उचलायला किंवा प्रवाशांना बसने नेण्याला कॅमेरा उपयोगी पडत नाही. शिवाय बचत मालकाची असेल, तर शिकागोकर म्हणतात तो पेच मेट्रोपोलिसलाही चुकत नाही. तिला जुने व्यवस्थापन करार हळूहळू भाडेपट्ट्यात किंवा उत्पन्न-वाटणीत बदलून घ्यावे लागतील. आणि भाडेपट्टा म्हटला की २०२० आठवावे. कार्यालये ओस पडली, गाड्या येईनाशा झाल्या, पण भाडे द्यायचे ते द्यायचेच होते. त्या वर्षी एसपी प्लसला मोठा तोटा झाला होता.

थोडक्यात, तंत्रज्ञानाने धोका कमी झालेला नाही. तो मालकाच्या अंगावरून चालवणाऱ्याच्या अंगावर आला आहे. वास्तुपाल यांनी त्या तरुण कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा की तुम्ही आम्हाला ठरावीक रक्कम देणार की वाटा, आणि ठरावीक रक्कम देणार असाल तर ती द्यायला तुमच्याकडे किती महिन्यांचे पैसे आहेत.

वास्तुपाल (पुणे)

दोघांचेही आभार. एक खुलासा करतो: प्रस्तावात पहिल्या वर्षी ठरावीक रक्कम आणि दुसऱ्या वर्षापासून उत्पन्नाचा वाटा असे आहे. शिवाय प्रवेशद्वारावरील दांडा काढून टाकण्याचा त्यांचा आग्रह आहे, कारण ‘अमेरिकेत तसेच करतात’. आमच्या इमारतीत येणाऱ्या वाहनांत चारचाकींपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त आहेत, हेही सांगायला हवे. तांत्रिक बाजू कोणाला माहीत असल्यास कृपया लिहावे.

दृष्टिक्षेप (बंगळूरु) – प्रतिसाद ३

नंबर प्लेट वाचणाऱ्या प्रणालींवर मी काम केले आहे, म्हणून दांड्याचा प्रश्न आधी घेतो.

दांडा नसलेला वाहनतळ अमेरिकेत चालू शकतो, याचे कारण कॅमेऱ्यात शोधू नये. पैसे न देता निघून गेलेल्या गाडीच्या मालकाचा पत्ता तेथे काढता येतो आणि त्याच्या घरी मागणीपत्र धाडता येते, हे त्याचे खरे कारण आहे. वाहननोंदणीची माहिती कोणाला द्यावी यावर तेथे १९९४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यावरून वादही होतात, पण वाट आहे. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकला की मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते आणि पत्ता मिळत नाही, जे योग्यच आहे. अशा स्थितीत दांडा काढला तर तळघरातून गाडी बाहेर पडताच वसुलीचा शेवटचा मार्ग संपतो. त्यामुळे दांडा राहू द्यावा; तो वेगाने उघडेल एवढेच पाहावे.

चारचाकींपुरता आपल्याकडे एक सोपा उपाय तयार आहे, आणि तो म्हणजे फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाल्यामुळे बहुतेक मोटारींच्या काचेवर तो आहेच. हैदराबादच्या विमानतळावर फास्टॅगने पार्किंगचे पैसे घेण्याची सोय झाली, आणि दिल्ली मेट्रोच्या काश्मिरी गेट स्थानकातील वाहनतळावर २०२१ मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या साहाय्याने ती सुरू झाली. अमेरिकेतील कंपनीला प्रत्येक चालकाकडून कार्ड नोंदवून घेण्यासाठी जी वर्षे आणि जो पैसा खर्च करावा लागला, तो भारतातील कंपनीचा सरकारनेच वाचवला आहे. अर्थात त्यामुळे तो फायदा कोणा एका कंपनीचा राहत नाही. शेजारचा स्पर्धकही तोच टॅग वाचू शकतो.

खरी अडचण दुचाकीची आहे. तिला फास्टॅग नसतो. तिची प्लेट लहान, मागच्या बाजूला आणि बहुधा चिखलाने भरलेली असते, समोरून ती दिसत नाही, आणि दोन गाड्या एकाच वेळी फटीतून आत शिरतात. त्यात आपल्याकडील कलाकुसर वेगळीच. ४१४१ हा क्रमांक ‘दादा’ असा दिसावा आणि २१४ हा ‘राम’ असा वाचला जावा म्हणून वळणे देऊन रंगवलेल्या प्लेट तपासताना आमच्या प्रणालीने जे अंदाज बांधले, ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही ती बसवण्याची मोहीम मुदतवाढी घेत घेत चालली; अशा प्लेट जशा वाढतील तसे वाचनातील दोष कमी होतील. तोपर्यंत दुचाकीसाठी यूपीआयचा क्यूआर कोड, मासिक पास आणि फाटकावर एक माणूस हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. सादरीकरणात त्यांनी वाचनाची अचूकता किती टक्के सांगितली हे पाहण्यापेक्षा, ती चारचाकींवर मोजली की दुचाकींवर, आणि पावसाळ्यात संध्याकाळी मोजली का, हे विचारा.

जागेत सेन्सर बसवण्याचाही प्रस्ताव असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव सांगतो. त्या शहराने २०११ मध्ये एसएफपार्क नावाने प्रयोग सुरू केला, रस्त्यांवरील हजारो जागांत जमिनीत सेन्सर पुरले आणि गर्दीनुसार मीटरचे दर पायरीपायरीने वर-खाली केले, जेणेकरून प्रत्येक गल्लीत साधारण ६० ते ८० टक्के जागा भरलेल्या राहाव्यात. दर बदलण्याची कल्पना टिकली आणि पुढे शहरभर गेली. सेन्सर मात्र २०१३ च्या अखेरीस बंद करण्यात आले, कारण मीटरवर जमा होणाऱ्या पैशांच्या नोंदीवरूनच किती जागा भरल्या आहेत याचा पुरेसा अंदाज बांधता येऊ लागला होता.

जुना ठेका (उत्तर महाराष्ट्र) – प्रतिसाद ४

मी काही वर्षे एका महापालिकेचे पे अँड पार्कचे ठेके घेतले होते, त्यामुळे कागदावरचा आणि रस्त्यावरचा फरक सांगू शकेन.

येथे निविदा बहुधा जो सर्वांत जास्त वार्षिक रक्कम देऊ करील त्याला मिळते. ती रक्कम आगाऊ हप्त्यांत भरायची असते. एकदा भरली की महापालिकेला तुमच्याकडे किती गाड्या आल्या याच्याशी काही देणेघेणे राहत नाही. अशा व्यवस्थेत खरा हिशेब ठेवणारे यंत्र ठेकेदाराला नको असते, कारण त्यातून पुढच्या निविदेची पायाभूत रक्कम वाढते. आणि फाटकावरच्या पोऱ्यालाही नको असते, कारण त्याच्या पगारात न बसणारा भाग पावती न फाडता मिळतो. हातात धरायची पावतीची यंत्रे आमच्याकडे आली, तेव्हा पहिल्या महिन्यात ती चालली आणि नंतर कधी चार्जिंग संपलेले, कधी कागद संपलेला, कधी नेटवर्क नाही. यंत्र बिघडत नव्हते. ते कोणालाच नको होते. शिकागोकरांनी अमेरिकेतील पेच सांगितला तोच हा, फक्त आपल्या मातीतला.

गेट माय पार्किंग नावाची कंपनी २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि तिने सुरुवातीला अशीच अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे वाहनतळावरील माणसांच्या हातात दिली होती. पुढे त्या कंपनीने आपला मोर्चा युरोप-अमेरिकेकडे वळवला आणि तेथील आधीच बसवलेल्या दांड्यांना जोडता येईल असे उपकरण व सॉफ्टवेअर विकू लागली. भारतात घडलेल्या कंपनीला ग्राहक बाहेर शोधावासा वाटला, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. दुसरे उदाहरण पार्क प्लसचे. पेटीएममधून बाहेर पडलेल्या अमित लखोटिया यांनी २०१९ मध्ये गुरुग्राममध्ये ती काढली. नावात पार्किंग आहे, पण तिच्या अ‍ॅपवर आज फास्टॅग, विमा, चलनाची चौकशी, गाडीची देखभाल असे मोटारमालकाला लागणारे सगळे मिळते. मोठमोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा तिला मिळाला तो मोटारमालकांची भली मोठी यादी हाताशी असल्यामुळे, पार्किंगच्या वीस-तीस रुपयांमुळे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मला हा मार्ग मेट्रोपोलिसपेक्षा शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात कोणाचे भाडे द्यायचे नसते.

आणखी एक गोष्ट. तुमच्या तळघराबाहेरच्या रस्त्यावर फुकट गाडी लावता येत असेल, तर आतले तंत्रज्ञान कितीही भारी असो, तळघर अर्धे रिकामेच राहणार. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. रस्त्यावर पैसे घेण्याचा भाग विरोधामुळे किती रेंगाळला हे पुणेकरांना सांगायला नको. मुंबईत जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या गाड्यांना पाच हजारांपासून थेट तेवीस हजारांपर्यंत दंड लावायला सुरुवात केली, तेव्हा कुठे लोकांना जवळ वाहनतळ आहे याची आठवण झाली. या धंद्यातील निम्मी मागणी वाहतूक पोलिसांच्या टोइंग गाडीवर ठरते आणि ती गाडी कोणत्याच स्टार्टअपच्या ताब्यात नसते.

उपविधी (ठाणे) – प्रतिसाद ५

वरील चर्चेत कायद्याचा भाग राहिला आहे, तो थोडक्यात जोडतो.

पहिले, जागा कोणाची हे तपासावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतील प्रकरणात असे म्हटले की, इमारतीखालील स्टिल्टची (खांबांवर उभ्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्याची) किंवा उघडी पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणून ज्या कंपन्या घरमालकांनी आपली रिकामी जागा तासाच्या भाड्याने द्यावी असे प्रारूप घेऊन येतात, जे इंग्लंडमध्ये जस्टपार्कने यशस्वी करून दाखवले, त्यांना आपल्या शहरांत थेट सदनिकाधारकाशी व्यवहार करून भागत नाही; संस्थेची संमती घ्यावी लागते आणि संस्था बाहेरच्यांना आत येऊ द्यायला सहसा तयार नसते. तुमची इमारत व्यापारी असली, तरी गाळेधारकांची संस्था असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घेतल्याशिवाय सही करू नये.

दुसरे, शुल्क घेता येते का हेही पाहावे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्स यांना पार्किंगचे शुल्क आकारण्याचा अधिकार नाही असा निर्णय दिला होता, कारण ती जागा बांधकाम नियमांनुसार त्यांनी ठेवायचीच असते. महाराष्ट्रातील इमारतीला तो निर्णय आपोआप लागू होत नाही, परंतु हा धोका करारात कोणाच्या माथी आहे ते लिहिलेले असावे. शुल्क उद्या बंद झाले तर ठरावीक रक्कम देण्याचे बंधन राहील की नाही?

तिसरे, माहितीची सुरक्षा. रोज किती वाजता कोणती गाडी येते आणि जाते, याची नोंद म्हणजे त्या माणसाची दिनचर्याच. २०२१ मध्ये अमेरिकेतील पार्कमोबाइल या अ‍ॅपमधून सुमारे २ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती बाहेर गेली, आणि तिच्यात गाड्यांचे क्रमांकही होते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे. त्याखाली माहिती कोणासाठी गोळा केली जाते हे महत्त्वाचे ठरते, त्यामुळे जबाबदारी इमारतीची की त्या कंपनीची हे आधीच ठरवून घ्यावे, नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातील ते लिहून घ्यावे, आणि त्या नोंदींच्या आधारे विमा किंवा जाहिरात विकण्यास मनाई करायची असेल तर तसे स्पष्ट लिहावे. वरील प्रतिसादात उल्लेखलेला ‘मोटारमालकांची यादी’ हा मार्ग येथेच कायद्याला भिडतो.

जुना ठेका (उत्तर महाराष्ट्र)

उपविधी यांचा तिसरा मुद्दा मान्य, परंतु यादी वापरायला पूर्ण मनाई केली तर भारतात या कंपन्या जगणार कशावर, हेही लक्षात घ्यावे. निव्वळ पार्किंगच्या पैशांत कॅमेरे, सर्व्हर आणि माणसे यांचा खर्च निघणे अवघड आहे. मनाई करण्याऐवजी चालकाची स्वतंत्र संमती घेण्याची अट घालावी.

वास्तुपाल (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर त्या कंपनीला पुन्हा भेटलो. दांडा ठेवण्यास ते तयार झाले. दुचाकींवरील अचूकतेची स्वतंत्र मोजणी त्यांच्याकडे नव्हती; ती करून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. ठरावीक रकमेच्या हमीबद्दल मात्र त्यांनी सांगितले की गुंतवणुकीची पुढची फेरी पूर्ण झाल्यावर ती देता येईल. म्हणजे आमच्या तळघराचा करार दाखवून ते गुंतवणूक मिळवणार आणि त्या गुंतवणुकीतून आमचे भाडे देणार, असा अर्थ मी घेतला. तो बरोबर आहे का?

शिकागोकर

अर्थ बरोबर आहे, आणि त्यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. मेट्रोपोलिसनेही मोठ्या प्रमाणावर हेच केले, फरक एवढाच की तिने पैसा आधी बांधून ठेवला आणि मगच किंमत जाहीर केली. या प्रकारात आपला करार ही त्यांच्यासाठी मालमत्ता असते, म्हणून तिची किंमत आपण आधी ठरवून घ्यावी.

माझ्या मते पहिल्या वर्षी ठरावीक रकमेचा आग्रहच सोडून द्यावा आणि सुरुवातीपासून उत्पन्नात वाटा घ्यावा, पण चार अटींवर. वसुलीचे सगळे पैसे, फास्टॅगचे आणि यूपीआयचेही, इमारतीच्या खात्यात जमा व्हावेत आणि त्यांचा वाटा तेथून त्यांना दिला जावा. पैसा आधी कोणाच्या हातात पडतो यावर पुढचे बहुतेक तंटे ठरतात. प्रत्येक प्रवेशाची आणि निर्गमनाची कच्ची नोंद आपल्याला रोज मिळावी, त्यांनी तयार केलेला गोषवारा पुरेसा मानू नये. कंपनीची मालकी बदलली, तर आपल्याला दंडाशिवाय करार संपवता यावा. एसपी प्लसशी करार केलेल्या मालकांचे हजारो वाहनतळ चालवणारी कंपनी एका व्यवहारात बदलली, हे येथे विसरू नये. आणि मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नसावी. ते पाच मागतील, कारण गुंतवणूकदाराला लांब मुदतीचे करार आवडतात. पाच द्यायची तयारी असेलच, तर त्या बदल्यात वाट्याची टक्केवारी वाढवून मागा.